एकाच कार्डावरची गिऱ्हाइकं

शुक्रवार, यंत्रमागांच्या सुट्टीचा दिवस होता. मागच्या गल्लीतले माग बंद होते, म्हणून दारावरची थाप पहिल्याच वेळी ऐकू आली. एरवी टेमघरच्या या वस्तीत मागांच्या खडखडाटामुळे पाहुण्याला तीनतीनदा दार बडवावं लागतं. सुनीती चौबळ इडलीचं पीठ कालवत होती. तिचा नवरा सुधीर शाळेत शिकवायला निघून गेला होता. तिनं कोपरानंच कडी सरकवली. बाहेर पन्नाशीचे एक गृहस्थ उभे होते, काखेत फाईल.

"सुधीर चौबळ इथंच राहतात ना? मी सावळाराम मोरे, ठाण्याहून आलोय. तुम्ही ज्या ऑनलाइन दुकानाच्या वस्तू खपवता, त्यांनी चौकशीला पाठवलंय."

"या, बसा," सुनीती म्हणाली. "मीच खपवते. ते फक्त क्रेडिट कार्डाचे मालक."

असं कोणीतरी येणार, याचा अंदाज तिला होता. आठ दिवसांपूर्वी दुकानानं तिचं खातं गोठवलं होतं. तिनं तीन मेल पाठवले, तिन्हींना तेच उत्तर आलं : फसवणुकीचा संशय, तपास चालू.

अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या सुनीतीनं दोन वर्षांपूर्वी, २००६ साली, घरात कॉम्प्युटर आल्यावर स्वयंपाकघरातल्या यंत्रांची एक वेबसाइट काढली होती. कुठल्या मिक्सरात ओलं खोबरं बारीक होतं, कुठल्या कुकरचं झाकण सहा महिन्यांत ढिलं पडतं, हे ती साध्या इंग्रजीत, खरंखरं लिहायची. प्रत्येक पानाखाली त्या दुकानाची लिंक. लिंकवरून कोणी वस्तू घेतली की तिला कमिशन. सुधीरला हे समजावताना तिला फारसे कष्ट पडले नव्हते. "सुताचे दलाल करतात तेच रे. फक्त इथं दलालाचं तोंड दिसत नाही." एकशेबारा पानं झाली होती. इंदूरच्या, कोचीच्या बायका तिला प्रश्न विचारायच्या आणि ती दुपारी बसून उत्तरं लिहायची. लग्नानंतर तिच्या एकटीच्या नावावर असलेली ही पहिली गोष्ट.

गोंधळ सुरू झाला तो खालच्या मजल्यावरच्या बायजाबाईंपासून. शेलार गावातल्या त्यांच्या शेतावर आता गोदामं होती, हाताशी पैसा होता, पण कार्डाचं नाव काढलं की त्या पदर सावरून बसत. त्यांनी एक दिवस नोटा आणून सुनीतीच्या हातात कोंबल्या. "ताई, इंदूरवाल्या तुमच्यामुलं घेतात, मं आमी शेजारचे काय मेलो काय? लावा माझा मिक्सर. तुमची दलाली तुमाला भेटूं दे."

सुनीतीनं स्वतःची लिंक उघडून, सुधीरच्या कार्डावर मिक्सर मागवला. मग समोरच्या बिल्डिंगीतून दोघी आल्या, मग त्यांच्या जावा. बाजारात दलाल गिऱ्हाइकाला हाताला धरून व्यापाऱ्याच्या गादीवर नेतोच की. तिला त्यात वावगं काही दिसलं नाही. स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी करायची नाही, हा नियम तिनं वाचला होता आणि इतका पाळला होता, की स्वतःचा मिक्सर तिनं बाजारातून, जास्त पैसे मोजून आणला होता.

मोऱ्यांनी फाईल उघडली. "चाळीस खरेद्या. त्यातल्या सव्वीस एकाच कॉम्प्युटरवरून, एकाच कार्डावर, आणि माल सगळा याच पत्त्यावर. मॅडम, सव्वीस मिक्सरांचं तुम्ही काय करता?"

"सगळे मिक्सर नाहीत. चार कुकर आहेत."

एवढ्यात उघड्या दारातून बायजाबाई आत आल्या. चौकशी कसली ते ऐकून त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "चोरी? हिनं? ओ सायेब, आमी सगल्या हितंच येतो, ताईच्या मशिनीवं. अजून दहा जणी आनतंय बगा, आत्ताच्या आत्ता!"

"बायजाबाई, नको," सुनीती हळूच म्हणाली. "तेच तर चुकलंय."

"चांगलं केलं ते चुकलं? मं बरोबर काय, शेजाऱ्याला हाकलून देयाचं?"

मोऱ्यांना हसू आलं. ते त्यांनी रुमालात पुसलं. "मावशी, कंपनीला बेंगळुरूत बसून शेजार दिसत नाही. तिला एक कार्ड दिसतं, आणि तो माणूस स्वतःच घेऊन स्वतःच कमिशन खातोय, असं दिसतं."

बायजाबाईंनी आपला मिक्सर वर आणून दाखवला. भांड्याला सुक्या मिरचीचा वास होता. मोऱ्यांनी तो उलटा करून नंबर टिपला, मग खाली जाऊन आणखी तीन घरं पाहून आले. प्रत्येक घरी त्यांना चहा घ्यावा लागला. परत आले तेव्हा ते जरा दमले होते.

"वस्तू खऱ्या, माणसं खरी," ते म्हणाले. "पण तुमची लिंक आणि तुमच्याच घरचं कार्ड, म्हणजे नियम मोडलाय, हेही खरं. फॉर्मवर खूण एकाच ठिकाणी करता येते. ‘फसवणूक’वर केली तर तुमचं नाव यादीत जातं. मग दुसरी दुकानंही दारात उभं करत नाहीत. ‘नियम समजला नाही’वर केली तर बहुतेक खातं उघडतं. माझा अनुभव, शब्द नाही देत."

 सुनीतीच्या बोटांवरचं पीठ वाळून कडक झालं होतं.

"मोरेसाहेब," ती म्हणाली, "त्या सव्वीस खरेद्यांचं कमिशन कापून घ्या, मला नको. माझी एवढीच विनंती आहे, ‘फसवणूक’वर खूण करू नका."