उजवीकडचा डाग

चाळीसच्या दशकाच्या अखेरीस, आज श्रीरामपूर म्हणतात त्या गावात, आमच्या गच्चीवर माझी वहिनी रोज सकाळी सूर्याचं चित्र काढत असे. जिल्ह्यात असं काम करणारी दुसरी बाई आमच्या ऐकिवात नव्हती. पुढे तिची चित्रं दक्षिणेतल्या एका वेधशाळेने मागवून घेतली. दुर्बीण मात्र माझी होती.

वडील साखर कारखान्यात होते. मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या इंजिनिअरकडून त्यांनी ती पितळी दुर्बीण घेतली आणि गुरूचे चंद्र सर्वांत आधी मला दाखवले. मग वहिनी लग्न होऊन आली. दुर्बिणीतून येणारं सूर्याचं बिंब ती पांढऱ्या कागदावर पाडी आणि त्यावरचे काळे डाग पेन्सिलीने टिपी. दुर्बीण माझ्या खोलीतून गच्चीवर गेली. वडिलांचा सकाळचा चहाही वर जाऊ लागला. पूर्वी वडील तो माझ्याशी बोलत घेत.

रथसप्तमीला अंगणात रांगोळीचा सूर्य काढायचा मान दरवर्षी माझा असे. त्या वर्षी आई म्हणाली, "यंदा तिला काढू दे. ती रोजच काढते."

वहिनीने त्या सकाळचा कागद शेजारी ठेवून गोल काढला, किरणं काढली आणि कोळशाच्या भुकटीने डागही काढले. एक मोठा, उजवीकडे. बाकीचे बारीक.

सूर्यासमोर दूध उतू घालायला शेजारणी जमल्या.

"अगं बाई, सूर्याला देवी आल्या जनू!"

"न्हाई वो, सासूनं तीट लावली आसंल. लई गोरा हाय ना!"

आई सोडून सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. तिने काजळी धरलेली काच पुढे केली. "काकू, बघा ना. मोठा डाग नुसत्या डोळ्यांनाही दिसतो."

काच हातोहात फिरत माझ्याकडे आली. डाग होता, पण डावीकडे. मी रांगोळीकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं.

"वहिनी, तुमचा सूर्य उलटा आहे," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "कागदावर डावं उजवीकडे पडतं. म्हणजे आजवरची सगळी चित्रं चुकली."

तिने काच घेतली, बराच वेळ पाहिलं, काच माझ्या हातात परत दिली आणि ती गच्चीकडे पळाली. बोळक्यातलं दूध उतू गेलं तेव्हा ते बघायला ती नव्हती.

ओट्यावरून हे सगळं पाहणाऱ्या वडिलांना मी म्हटलं, "आता दुर्बीण माझ्याकडे द्या."

ते वर गेले. मी मागोमाग गेले. वहिनी एकेक कागद सूर्यासमोर धरत होती. पेन्सिलीच्या खुणा पाठीमागून उमटत होत्या, आणि पाठीमागून त्या बरोबर होत्या. तिचा चेहरा एखादा दागिना मिळाल्यासारखा झाला होता. चूक मी शोधली होती. आनंद तिला झाला होता.

"चूक सगळ्यांना सांगून झाल्यावर तू पुन्हा काचेतून पाहिलंस?" वडिलांनी मला विचारलं.

मी पाहिलं नव्हतं.

"वन्सं, काच द्या ना जरा," वहिनी मागे न बघता म्हणाली. "बारीक डागांचंही तसंच आहे का, बघू."

काच माझ्याच हातात होती. मी ती तिला दिली.