कपलिंगच्या पलीकडे

टापटीपरावांनी त्या दिवशी कंप्रेसरच्या खोलीत आवराआवर केली आणि मेस्त्रींच्या सुटकेचे तीनतेरा वाजवले.

टापटीपराव हे कोल्ड स्टोरेजच्या स्टोअरकीपरला लोकांनी दिलेलं नाव. पसारा दिसला की या गृहस्थांचे हात शिवशिवत. मेस्त्रींनी कंप्रेसर साखळीवर टांगून मोटरपासून सुटा केला होता, गॅस गळणारं सील बदललं होतं, आणि कंप्रेसरच्या चार पायांखालच्या, उंची जुळवायच्या पातळ पत्र्या चार कोपऱ्यांत वेगवेगळ्या मांडल्या होत्या. मेस्त्री हात धुवायला गेले, तेवढ्यात टापटीपरावांनी सगळ्या पत्र्या पुसल्या, जाडीप्रमाणे लावल्या आणि एकाच डब्यात भरल्या. वर झाकणही लावलं.

मेस्त्रींनी परत येऊन डब्याचं झाकण उघडलं. "वा! आता मलाही घडी घालून कपाटात ठेवा."

आता कुठल्या पायाखाली कुठली पत्री, हे पहिल्यापासून शोधणं आलं. मोटरचा दांडा आणि कंप्रेसरचा दांडा एका रेषेत आले नाहीत, तर त्यांना जोडणारं कपलिंग फाटतं. आणि नेमका आज मेस्त्रींचा शेवटचा दिवस होता. फाटकाशी टेम्पोत सगळा संसार बांधून बायको बसली होती. लेकीच्या गावी कायमचं जायचं होतं. तेही मालक बाहेरगावाहून यायच्या आत. कारण मेस्त्रींनी ही नोकरी याआधीही बऱ्याचदा सोडली होती. दर वेळी मालक खांद्यावर हात ठेवून "मेस्त्री, तुमच्याशिवाय कोण?" म्हणत, आणि मेस्त्री मान खाली घालून "बघतो" म्हणत. ते बघणं अजून संपलं नव्हतं.

पण गोदामात फळं तापत असताना काम अर्धवट टाकणं त्यांना जमेना. कंप्रेसर खाली टेकवून ते त्याच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत शिरले. मागचे बोल्ट तिथूनच हाताला येत. बाहेर यायची वाट मात्र कपलिंगवरून, आणि कपलिंगवर डायल बसवलेला; दांडे एका रेषेत आले की फिरवतानाही त्याचा काटा हलत नाही. त्याला पाय लागला की सगळं मुसळ केरात. मेस्त्री आडवे होऊन आतून दांडा फिरवत, डायलचा काटा बघत आणि हुकूम सोडत. टापटीपराव पहारीने पाय उचलून पत्र्या सरकवत.

"पुढचा उजवा. पातळ पत्री घाला. पातळ म्हणतोय हो, ती दाराची फळी नको!"

दारात बायको आली. "अहो, निघायचं ना?"

"हा आलोच."

"हे 'आलोच' मी लग्नापासून ऐकतेय," म्हणून ती परत टेम्पोत जाऊन बसली.

काटा थांबेना. फटीतून नुसते उसासे येत होते. आपण माणसाला भिंतीत चिणलं, असं टापटीपरावांना वाटू लागलं. तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

मालक आत आले. "मेस्त्री कुठायत?"

टापटीपरावांनी फटीतून बाहेर आलेले बूट दाखवले. मालकांचा हात सवयीने पुढे झाला, पण खांदा काही सापडेना. शेवटी त्यांनी तो कंप्रेसरवर ठेवला.

"मालक, हात काढा. काटा हलतोय."

मालकांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. मग आवाजात नेहमीची साखर घातली. "मेस्त्री, तुमच्याशिवाय कोण आहे मला? एवढा हंगाम तरी काढा."

झालं, आता 'बघतो' येणार, म्हणून टापटीपरावांनी डोळेच मिटले.

"नाही."

"काय?" मालक वाकले. पण बुटांचा चेहरा वाचणार कसा?

"नाही म्हणालो. दुसरा माणूस बघा. टापटीपराव, झोपलात का? मागच्या डाव्याची एक पत्री काढा."

मालक बुटांसमोर खाकरले आणि "जरा फोन करून येतो" म्हणत निघून गेले.

हळूहळू काटा थांबला. बोल्ट आवळले, डायल उतरला, आणि मेस्त्री ग्रीसने माखलेले, कपलिंगवरून रांगत बाहेर पडले. कपलिंगवर संरक्षक जाळी लावली. कंप्रेसर सुरू केला. नुसती संथ घरघर. हात पुसत ते दाराकडे निघाले, तेव्हा टापटीपरावांना राहवलं नाही.

"मेस्त्री, उद्या हा थरथरायला लागला तर?"

"थरथरू दे."