उसवलेला झगा

आमच्या शिवणाच्या दुकानातल्या मास्तरीणबाई तोंडाने फटकळ. बाही घट्ट झाली म्हणून गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणायच्या, "कापड नाही आटलं बाई, दंड सुटलेत." तरी सगळ्यांना शिलाई त्यांच्याच हातची हवी असायची. मी शेजारच्या मशीनवर बसायचे.

नवरा जाताना त्यांना एचआयव्ही देऊन गेला. गोळ्यांनी तब्येत सावरली, पण दवाखान्यातल्या कुणीतरी तोंड उघडलं आणि गल्लीभर बोभाटा झाला. गिऱ्हाइकं गळाली. मालकाने त्यांना मागच्या खोलीत बसवलं, त्यांची कात्री ओळखू यावी म्हणून मुठीला लाल चिंधी बांधली. माझं डोकंच फिरलं. त्या मात्र म्हणाल्या, "बरं झालं. आता कागद कापायला माझी कात्री कुणी नेणार नाही."

त्यांना एकच ध्यास होता, भाचीच्या लग्नाचा झगा आपल्या हातचा असावा. स्वतःला मूलबाळ नव्हतं, भाचीला त्यांनीच अंगाखांद्यावर खेळवलेलं. भाचीची आई, म्हणजे त्यांची धाकटी बहीण, का-कू करू लागली, तेव्हा तिला डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. शिवलेल्या कपड्यातून हा आजार होत नाही, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि मान डोलावली. मग मास्तरीणबाईंनी जीव ओतून झगा शिवला.

लग्नाला मीही गेले होते. भाची खोलीतून बाहेर आली आणि मास्तरीणबाईंचा चेहरा उतरला.

"ही माझी शिलाई नाही," त्या हळूच म्हणाल्या.

धाकटीने अख्खा झगा उसवून, कापड उकळून, दुसऱ्याकडून घाईघाईत शिवून घेतला होता. खालची पट्टी तर नुसती धावदोऱ्यावर होती. भाची जरा चालली आणि दोरा सुटला, घेर पायात यायला लागला.

मास्तरीणबाई राग गिळून तिच्यापुढे खाली बसल्या. अंगावरच्या कपड्याला टोचलेली सुई काढली. "थांब गं, दोन टाके घालते."

धाकटीने घेर त्यांच्या हातातून ओढून घेतला. "ताई, सुई नको. टोचली म्हणजे?"

"इतकी वर्षं शिवतेय. कधी कुणाला टोचली?"

"आज नको ना. लोक बघतायत."

मास्तरीणबाईंनी मान वर करून भाचीकडे पाहिलं. भाचीने घेर मुठीत गोळा केला. "राहू दे मावशी, मी धरून चालते," असं म्हणून ती आईबरोबर निघून गेली.

त्या तशाच जमिनीवर बसून राहिल्या. मला रडू आवरेना. उठवायला हात पुढे केला, तर त्यांनी स्वतःचा हात झटकन मागे घेतला.

"आधी सुई ठेवू दे," त्या म्हणाल्या. "तुला लागायची."