तपासणाऱ्याच्या रकान्यात

मी नॉब फिरवला आणि साहेबांनी तो माझ्यादेखत पुसला.

गेवराई रस्त्यावरचं ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं वर्कशॉप. टेबलावर नवा मेगर, म्हणजे आतल्या तारांवरचं आवरण शाबूत आहे का ते सांगणारं यंत्र. मी आयटीआय झालेली इलेक्ट्रिशियन, पण कामाला ठेवलं पुसायला. तेलकट फडकं उचलून साहेबांनी मी धरलेला नॉब घासला. म्हणाले, "तुमच्या वस्तीचा हात लागला की आकडाबी बाटतो." सगळे हसले. मीही हसले. त्या हसण्याची लाज अजून गेलेली नाही.

साहेब म्हणजे मालकांचे भाचे. त्यांना मेगर लावता येत नव्हता. आठवड्यातच मला गुपचूप बोलावलं. मी यादी करून मेगरच्या झाकणाच्या आत चिकटवली: उच्च दाबाची बाजू पाच हजार व्होल्टवर, कमी दाबाची एक हजारावर. वेळ पूर्ण एक मिनिट. तारा काढण्याआधी अर्थिंग. अकरा वर्षं व्होल्टची रेंज मी लावली, वेळ मी लावली, आकडा मी वाचला. रजिस्टरात 'तपासणारा' या रकान्यात नाव साहेबांचं.

मग पाटोद्याकडच्या एका गावाचा ट्रान्सफॉर्मर आला. पावसात झाकण उघडं राहिलेला. दुरुस्ती झाली आणि गावकरी ट्रॅक्टर घेऊन दारात. घाईत साहेबांनी स्वतःच पाचशेवर लावलं आणि पंधरा सेकंदांत बंद केलं.

"लिही, पास."

"साहेब, मिनिट झालं न्हाई. रेंजबी खालची हाय."

"तुला कावून पंचायत? लिही म्हनलं ना."

आतली ओल एवढ्या कमी दाबावर, एवढ्या कमी वेळात पकडली जात नाही. असा ट्रान्सफॉर्मर चालू केला की फुटतो. आणि फ्यूज टाकायला तिथं गावातलाच कुणीतरी उभा असतो.

मी पाच हजारावर लावलं. एक मिनिट. मालकांसह सगळ्यांसमोर आकडा घसरत गेला, म्हणजे आत ओल. रजिस्टरात लिहिलं: नापास. तपासणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव. आडनावासकट.

एक गावकरी चिडला. "ताई, आठ दिस अंधारात हावोत आमी. तुमचं भांडण तुमच्यात ठिवा की."

"तुमी अंधारात हाव, पर जित्ते हाव," मी म्हणाले.

साहेबांनी पान फाडलं. पण आकडा मालकांनी पाहिला होता. ट्रान्सफॉर्मर भट्टीत सुकवला. तीन दिवसांनी पुन्हा तपासला, मीच. पास झाला. गावकऱ्यांनी शाल-नारळ साहेबांना दिला. नव्या पानावर तपासणारा: साहेब.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना म्हणाले, "तपासायचं मी, तर नाव माझं."

"मग घरी बस."

बसले नाही. दुसरं वर्कशॉप धरलं. तिथंही पहिल्याच दिवशी विचारलं, "कोन्च्या वस्तीतल्या?" सांगितलं. मग रजिस्टर मागून घेतलं, रकान्यात आधी नाव लिहिलं आणि नंतर यंत्र चालू केलं.

ज्यांना हे नाव नको, त्यांनी आपली यंत्रं आपण लावावीत.