पाय बघणारे साहेब

वर्ल्ड कपच्या आधीची काही वर्षं दोह्यात अशी गेली, की सकाळी ज्या रस्त्याने ऑफिसला गेलो तो संध्याकाळी जागेवर असेलच याची खात्री नसायची. मेट्रो, पूल, स्टेडियम, सगळं एकदमच काढलं होतं. ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या घरापासून माझं ऑफिस तसं जवळ, पण डायव्हर्जनच्या कृपेने मी रोज अर्धं शहर फिरून घरी यायचे. नवरा गॅस प्लांटवर इंजिनियर. मी अॅनिमेशनच्या स्टुडिओत जाते म्हणजे दिवसभर हसण्याखिदळण्याचा पगार घेते, असा त्याचा पक्का समज. तो मी कितीदा खोडून काढला, तरी दार उघडल्यावर "काय म्हणतायत तुमचे उंदीर-मांजर?" हे ठरलेलंच.

उंदीर-मांजर काही म्हणत नसत. म्हणायचे ते आमचे साहेब. एका संस्थेने वर्ल्ड कपच्या निमित्ताने मुलांसाठी अॅनिमेशन फिल्म काढायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी थेट हॉलिवूडहून हा माणूस आणला होता. साठी उलटलेली, ताडमाड उंच, आणि बाहेर भट्टी पेटलेली असली तरी ऑफिसातल्या एसीत कायम गळ्याला मफलर. एकेकाळी तिकडच्या एका मोठ्या स्टुडिओचा अख्खा अॅनिमेशन विभाग त्यांच्या हाताखाली होता. सुरुवात मात्र फिल्मचे डबे गाडीतून इकडून तिकडे पोचवण्यापासून. मग कुणाचा तरी असिस्टंट, मग अधिकारी, मग विभागप्रमुख. पुढे स्टुडिओचे मालक बदलले आणि नव्या मालकांनी साहेबही बदलून टाकले. तेव्हापासून ते स्वतः प्रोड्यूसर म्हणून लोकांच्या दारात जाऊ लागले.

मी पुण्यात अशाच कामात काही वर्षं काढली होती, म्हणून इथे प्रॉडक्शन सांभाळायला लागले. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, की एवढ्या मोठ्या खुर्चीवर बसून नेमकं करायचात काय?

"नाही म्हणायचो," ते म्हणाले. "हो म्हणायला पुष्कळ लोकांची परवानगी लागायची. नाही मला एकट्याला म्हणता यायचं."

हे त्यांनी एवढ्या सरळपणे सांगितलं, की हसावं की नाही ते मला कळेना.

त्यांची एक पद्धत मात्र मी आधी कुठे पाहिली नव्हती. आमच्या धंद्यात फिल्म आधी कच्ची बनते. नुसत्या चित्रांची माळ लावायची, ऑफिसातल्याच लोकांचे आवाज घालायचे, आणि ते रील मुलांना दाखवून बघायचं. पुढे एकेका सेकंदाला इतका खर्च येतो, की काय काढायचं ते इथेच काढलेलं बरं. असं रील दाखवताना बाकी सगळे पडद्याकडे बघतात. साहेब पडद्याखाली स्टूल टाकून मुलांकडे तोंड करून बसायचे आणि त्यांचे पाय बघायचे. त्यांचं म्हणणं असं, की कंटाळलेल्या मुलाच्या तोंडावर काही दिसत नाही. आधी पाय हलतात, मग हात, मग त्याला सूसू लागते. चार मुलांना एकदम सूसू लागली की तो सीन गेला. मला ते पटलं. माझ्या मुलीला गणिताला बसवलं की नेमकं याच क्रमाने सगळं व्हायचं.

आमच्या फिल्ममध्ये समुद्रकाठच्या एका जुन्या वस्तीतली मुलगी होती आणि तिचा फुटबॉल होता. पळापळ, भांडणं, शिट्टी फुंकणारा फुटबॉलचा कोच, एक खोडकर बकरी, सगळं जमून आलं होतं. फक्त मधोमध एक सीन होता. मुलगी बॉल काखेत मारून किनाऱ्याने चालत येते, वाळूत बसते आणि बापाच्या होडीची वाट बघते. बाकी काही नाही. समुद्र, बदलत जाणारं ऊन आणि बसलेली मुलगी. स्टुडिओतल्या सगळ्यांना तो सीन लांबलेला वाटत होता, मलाही. संस्थेतर्फे आमच्याशी बोलणारे जे अधिकारी होते, अतिशय सभ्य कतारी गृहस्थ, त्यांनाही तसंच वाटत होतं. साहेब ऐकायला तयार नव्हते. एरवी दुसऱ्याच्या कामावर सपासप कात्री चालवणारा हा माणूस या एका सीनपुढे लहान मुलासारखा हट्टाला पेटायचा.

कारण मला कळलं ते डायव्हर्जनमध्ये. त्यांची गाडी बिघडली होती, म्हणून मी त्यांना घरी सोडत होते आणि आम्ही पुढच्या सिमेंटच्या मिक्सरकडे बघत बसलो होतो. ते आपणहून सांगायला लागले. नुकतेच अधिकारी झाले होते तेव्हा एका तरुण दिग्दर्शकाच्या पहिल्याच फिल्ममध्ये असाच एक सीन होता. एक मुलगा बसस्टॉपवर येतो, बाकावर बसतो, बापाची वाट बघतो. मुलांना दाखवला तेव्हा पाय हलले. साहेबांनी सीन उडवला. फिल्म चालली, साहेबांना बढती मिळाली. दिग्दर्शकाने त्यानंतर फिल्म केली नाही. एका शाळेत चित्रकला शिकवायला गेला तो गेलाच.

"त्याने तो सीन त्याच्या वडिलांसाठी केला होता," साहेब म्हणाले. "मी त्याला फोनवर सांगितलं, सीन गेला. दोन वाक्यांत."

म्हणजे ती किनाऱ्यावरची मुलगी मुळात बसस्टॉपवरचा मुलगा होती. साहेबांना आयुष्यात एकदा तो सीन पडद्यावर गेलेला बघायचा होता, आणि या वयात पुढची फिल्म मिळेल याची त्यांना आशा नव्हती. मी मनाशी म्हटलं, राहू दे बाई त्यांचा सीन, आपलं काय जातंय.

शेवटी अधिकाऱ्यांनी तोडगा काढला. शनिवारी सकाळी मुलांना रील दाखवू. मुलं त्या सीनला शांत बसली, तर सीन राहिला. चुळबुळ केली, तर गेला. साहेबांनी हात मिळवला, कारण पद्धत त्यांचीच होती.

मुलं जमवायचं काम माझ्याकडे आलं. ओल्ड एअरपोर्ट आणि अल मुंतझामधली आम्ही मराठी घरं गणपतीला, संक्रांतीला एकत्र जमायचो, त्यांचा एक ग्रुप होता. मी मेसेज टाकला, "ऑफिसात मोठे पाहुणे येणार आहेत, मुलांना वेळेवर आणि नीट घेऊन या." त्या "नीट"ने घात केला. शनिवारी मुलं आली ती लग्नाला आल्यासारखी. एका मुलाला शेरवानी. एका चिमुरडीला परकर-पोलकं, त्यावर मोत्यांची माळ. केसांना एवढं तेल, की हॉलमध्ये खोबऱ्याचा वास सुटला. लातूरकडची एक मैत्रीण मला मोठ्या अभिमानाने म्हणाली, "लेकराला सांगून ठिवलंय म्या. म्हणलं, तिथं हाललास तर घरी बघतेच तुझ्याकडं."

दुसरीला काय म्हणू? मी स्वतः माझ्या सात वर्षांच्या मुलीला गाडीत तेच ऐकवत आणलं होतं. ती "ओके मम्मा, आय नो" म्हणत होती.

आया मागच्या रांगेत बसल्या, मुलं पुढे. दिवे मालवले. साहेब स्टुलावर बसले.

एक पाय हलला नाही. बकरी कोचाच्या डोक्यावर चढली, शांतता. बकरीने शिट्टी गिळली, शांतता. बाप्पापुढे आरतीला उभी असतात तेव्हाही आमची पोरं एवढी स्तब्ध नसतात. किनाऱ्याचा सीन आला आणि तसाच गेला. दिवे लागल्यावर अधिकाऱ्यांनी मुलांना विचारलं, कशी वाटली? सगळ्यांचं एका सुरात उत्तर, "व्हेरी नाइस, अंकल. थँक यू, अंकल."

"माशाल्ला," अधिकारी खूश होऊन म्हणाले, "किती गुणी मुलं. तुम्ही म्हणत होता तेच खरं. खलास, ठरलं, सीन ठेवा."

मला आनंद झाला. मी साहेबांकडे बघितलं, तर ते स्टुलावरून उठून माझ्याकडेच येत होते.

"ही मुलं आजारी आहेत का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही हो. वळण आहे ते." मग मला समजावून सांगावं लागलं, की आमच्याकडे दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पुढ्यात लाडू ठेवला, तरी मूल आधी आईच्या डोळ्यांकडे बघतं. तिने होकार दिला तरच हात पुढे जातो.

"म्हणून," ते म्हणाले. "हसू आलं की ही मुलं आधी मागे वळून बघत होती."

मी म्हटलं, "पण सीन राहिला ना? मग झालं तर. आता कशाला उकरून काढता?"

ते थोडा वेळ मफलरशी चाळा करत उभे राहिले. तोंडातून शब्द काढला नसता, तर कुणाला काही कळलं नसतं. मला अगदी मनापासून वाटत होतं, की त्यांनी गप्प बसावं. ते सरळ दारापाशी निघालेल्या अधिकाऱ्यांकडे गेले आणि म्हणाले, रील पुन्हा दाखवायचंय, या वेळी आयांशिवाय.

"पण तुम्ही जिंकलात," अधिकारी गोंधळून म्हणाले.

"मी नाही. यांच्या आया जिंकल्या."

आयांना मी इथला कडक, दुधाळ करक चहा आणि सामोशांच्या नावाने पँट्रीत नेऊन बसवलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही. परत आले तेव्हा रील सुरू झालं होतं. आधी पोरं मागे बघत राहिली. मागे कुणी नाही म्हटल्यावर शेरवानीवाल्याने गळ्याची बटणं काढली. बकरी कोचाच्या डोक्यावर चढली तेव्हा माझी मुलगी खुर्चीवर उभी राहून किंचाळली. दुसऱ्यांदा बघताना मुलं जास्तच हसतात, पुढे काय येणार ते ओरडून सांगता येतं. परकरवाली हसता हसता खाली बसली. अधिकारीसुद्धा डोळे पुसत होते. मला वाटलं, देव पावला, आता सगळंच तरून जाईल.

मुलगी बॉल घेऊन किनाऱ्याने चालायला लागली. पोरं गप्प झाली, पण ही खरी शांतता होती, सगळ्यांच्या माना तिच्या मागे मागे जात होत्या. मग ती वाळूत बसली. पहिल्या रांगेतला एक पाय हलला. मग शेजारचा. मग सगळी रांग. कुणीतरी खुर्चीखाली शिरलं. शेरवानीवाल्याला सूसू लागली आणि त्याचं ऐकून आणखी तिघांना लागली. माझी कन्या सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मम्मा, धिस इज सो बोरिंग!"

"गप्प बस," मी दातओठ खात म्हटलं.

"बट इट इज!"

मला तिचा भयंकर राग आला, आणि साहेबांकडे बघायचा धीर होईना. बघितलं तेव्हा ते पायच बघत होते.

अधिकारी जाताना म्हणाले, "मी एकदा ठेवा म्हटलंय, माझा शब्द आहे. बाकी तुमची मर्जी." साहेबांनी त्यांचे आभार मानले आणि मला सांगितलं, सीन काढून टाक.

रविवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ झाल्यावर, त्यांनी एडिटिंगच्या खोलीतून त्या चित्रकलेच्या मास्तरांना फोन लावला. मी उठायला लागले, तर बस म्हणाले. साहेबांना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर होता. त्यांनी सगळं सांगितलं. बसस्टॉपचा किनारा केला, मुलाची मुलगी केली, आणि काल मी तो सीन पुन्हा काढून टाकला. या वेळी दोन वाक्यांत नाही, चांगलं लांबण लावून सांगितलं. पलीकडचा माणूस ऐकत होता. मग त्याने विचारलं, "पाय कधी हलायला लागले?"

"ती बसल्यावर."

"आणि चालत होती तेव्हा?"

"तेव्हा नाही. एकही नाही."

"मग तिला बसवतोस कशाला? चालू दे. होडी दिसेपर्यंत चालू दे."

मी साहेबांकडे बघितलं. इतक्या महिन्यांत आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं. साहेबांनी मफलर काढून टेबलावर ठेवला.

"तुझ्या फिल्मच्या वेळीही," ते म्हणाले, "तो बाकावर बसल्यावरच पाय हलले होते. मी बघितलं होतं."

फोन कट झाला की काय म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं.

"मला सांगायचंस ना," तो माणूस म्हणाला. "मी उठवला असता त्याला."