सागरच्या नावापाशी

सागर गेल्यावर मी देवीपुढे दिवा लावणं सोडलं. तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात देवघराचा पडदा ओढलेलाच असायचा. सागर आमचा एकुलता एक मुलगा. सुरक्षा दलात होता, बस्तरकडच्या जंगलात. ज्या चकमकीत तो गेला, ती रात्र उलटून दुसऱ्या दिवसापर्यंत चालली होती. घरी आलेले साहेब म्हणाले, "बहनजी, आपका बेटा हँसते-हँसते गया." चांगल्या मनानंच म्हणाले असतील. पण माझं पोर मी ओळखत होते. इंजेक्शनच्या सुईला भिणारा तो, हसत कसा जाईल? त्या वाक्यानं माझी झोप नेली. शेवटी त्याच्याजवळ कोण होतं, हे मला कुणीच सांगत नव्हतं. देवीही गप्प होती.

ज्या मुक्तिधामात आम्ही सागरला अग्नी दिला, तिथेच पुढे त्या चकमकीतल्या सगळ्या जवानांचं स्मारक उभं राहिलं. उद्घाटनाला मी गेले नाही. भाषणांतून पुन्हा तेच ऐकायची ताकद नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "चाल, आज गर्दी नसन. पोट्ट्याचं नाव तरी पाहून येऊ."

काळ्या दगडावरचे आदल्या दिवशीचे हार उन्हानं मलूल झाले होते. सागरच्या नावावर हात ठेवला, तो काढवेना. मी तशीच खाली बसले. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. कुबडी घेतलेला, सागरच्याच वयाचा माणूस होता. माझा हात ज्या नावावर होता ते त्यानं वाचलं आणि हळूच विचारलं, "आप सागर की माँ हैं?"

तो त्या चकमकीत सागरसोबत होता. गाडी उशिरा पोचल्यानं त्याचा कार्यक्रम हुकला होता. आमच्या घरी यायची हिंमत होत नव्हती, म्हणून नुसता नमस्कार करून तो परत निघाला होता.

यांनी त्याला धरून कट्ट्यावर बसवलं. मी म्हटलं, "बेटा, सच बताना. डर गया था क्या वो?"

त्यानं कुबडी बाजूला ठेवली. मग म्हणाला, "हाँ अम्मा, डर रहा था. मैं भी डर रहा था. पेड़ के पीछे एक-दूसरे का हाथ पकड़े पड़े थे. आपके हाथ के गोलाभात की बात करता रहा, फिर चुप हो गया. हाथ मैंने नहीं छोड़ा."

त्या दिवशी मी पोटभर रडले. हे त्याचा तोच हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसले होते. "घर चल बेटा," एवढंच त्यांना बोलता आलं.

गाडी वेळेवर आली असती तर, किंवा आम्ही आदल्या दिवशी गेलो असतो तर, ही भेट चुकली असती, असा हिशोब मी मांडत नाही. माझा मुलगा परत आला नाही, येणारही नाही. पण तो एकटा गेला नाही, हे कळलं. आता संध्याकाळी देवीपुढे हात आपोआप जुळतात. का नेलंस, हे अजूनही कधीकधी विचारते, पण उत्तरासाठी अडून बसत नाही.

आता अधूनमधून मी त्या स्मारकावर जाते. कधी दुसरी एखादी आई आलेली असते, कुणाच्या तरी नावाकडे पाहत उभी. मी तिला समजावत नाही. तिच्याजवळ बसते, आणि ती उठेपर्यंत उठत नाही.