मनकवड्याची बायको

घरात चार माणसं जमली, की तिच्या नवऱ्याचे हात शिवशिवायला लागत. "चला, एक खेळ खेळू या," असं तो आत्ताच सुचल्यासारखं म्हणे. खेळ कसला डोंबलाचा! बावीस वर्षं तीच ती जादू, फक्त तिला खेळ म्हणायचं, म्हणजे कुणी हात कुठे जातो ते बघत बसत नाही.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघून बघून त्याला वाटायला लागलं होतं, की आपल्याला त्यांच्या डोक्यातलंही दिसतं. नातेवाईक कौतुकाने त्याला मनकवडा म्हणत. झालं, आधीच मर्कट, तशात मद्य प्याला.

खेळ असा, की प्रत्येकाने चिठ्ठीवर आपली इच्छा लिहायची आणि घडी घालून पातेल्यात टाकायची. हा एक चिठ्ठी उचलून कपाळाला लावणार, डोळे मिटणार, आत काय लिहिलंय ते सांगणार, आणि मग "खात्री करून घेतो" म्हणत ती उघडणार. ग्यानबाची मेख पहिल्याच चिठ्ठीत होती. ती कपाळाला लावून तो वाटेल ते ठोकून देई आणि बायकोने "ही माझी" म्हणायचं. खरं तर ती चिठ्ठी भलत्याच कुणाची असे. खात्रीच्या नावाखाली तो ती वाचून घेई आणि त्यातला मजकूर दुसरी चिठ्ठी कपाळाला लावून सांगे. दुसरीतला तिसरीला. असं शेवटपर्यंत. बायकोची खरी चिठ्ठी कोपरा दुमडलेली असे, म्हणजे ती ओळखून शेवटी ठेवता येई. तिच्यावर एक नजर टाकल्यासारखं करायचं आणि चोळामोळा करून खिशात घालायची.

थोडक्यात, बावीस वर्षांत तिची चिठ्ठी कुणी वाचलीच नव्हती. तिला काय हवं ते तोच ठरवी. मोठा फ्रिज हवा. बारीक व्हायचंय. एकदा तर "सासूबाईंसारखा स्वयंपाक जमावा" असं सांगून त्याने सगळ्यांना पोट धरधरून हसवलं होतं, आणि तिने मुकाट्याने "ही माझी" म्हटलं होतं. ते आठवलं की अजून तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, वरचा खालच्यावर नीट टेकतो का बघायचं, नाही टेकला तर पुन्हा काढायचा. हात इतका बसलेला, की डॉक्टर मंडळी तिच्या नावाने काम पाठवत. आता लॅबच्या मालकीणबाईंनी दुसऱ्या शहरात नवी शाखा काढली होती आणि वर्षभर ती हिनेच सांभाळावी असं त्यांचं म्हणणं होतं. उत्तर सोमवारी दुपारी बाराच्या आत हवं होतं.

तिने नवऱ्याकडे तीनदा विषय काढला होता. पहिल्यांदा तो म्हणाला, "कळलं तुझ्या मनातलं. दमलीयेस, सुट्टी हवीय तुला." दुसऱ्यांदा म्हणाला, "मला माहितीये तू काय म्हणणारेस," आणि झोपून गेला. तिसऱ्यांदा तो आरशासमोर चिठ्ठी कपाळाला लावायचा सराव करत होता. "एक मिनिट हं," म्हणाला. ते मिनिट अजून संपायचं होतं. वैताग वैताग म्हणतात तो हाच!

त्या रविवारी दुपारी सासूबाईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस होता. नवऱ्याला सोडून घरात नऊ माणसं होती, म्हणून चिठ्ठ्याही नऊ. केक कापून झाला आणि पातेलं आलंच. तिनेही लिहिलं, कोपरा दुमडला आणि चिठ्ठी टाकली.

नवऱ्याने पहिली चिठ्ठी कपाळाला लावली. "हॉलला नवे पडदे हवेत... कुणाची बरं?"

ती गप्प बसली.

"कुणाची?" त्याने डोळे मिटलेलेच ठेवले होते, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

ती पातेल्याकडे बघत राहिली.

"माझी! माझीच ती," सासूबाई म्हणाल्या. त्यांना जादूतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण लेक तोंडघशी पडतोय एवढं कळलं होतं. आईच ती.

गाडी पुढे निघाली. चौथ्या चिठ्ठीला गुडघेदुखी थांबण्याची इच्छा निघाली. "तीही माझीच," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, दोन कशा?" भाच्याने विचारलं.

"वाढदिवस माझा आहे की तुझा?"

नववी, कोपरा दुमडलेली चिठ्ठी कपाळाला लावून नवऱ्याने मोटरसायकल सांगितली. भाचा "माझी!" म्हणून ओरडला. टाळ्या पडल्या. नवरा चिठ्ठी चुरगाळणार, तेवढ्यात नणंद म्हणाली, "थांब दादा. वहिनीची आलीच नाही की!" आणि तिने ती त्याच्या हातातून ओढून घेतली.

"अगं, ती मोटरसायकलची..." तो म्हणाला.

नणंदेने उघडली आणि मोठ्याने वाचली. "नव्या शाखेला मी उद्या हो कळवणार आहे. एक वर्षासाठी जाणार. तुम्हाला तीनदा सांगायला आले होते."

भाच्याने चिठ्ठीकडे बघितलं, मग मामाकडे. जादूचं बिंग फुटलं होतं, पण त्याची चौकशी करायचं कुणाला सुचलं नाही. नवऱ्याचा हात सवयीने कपाळाकडे गेला आणि अर्ध्यातूनच खाली आला.

"काय गं हे? मला कसं माहीत नाही?" तो म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता.

तिला क्षणभर त्याची कीव आली. पण क्षणभरच.

"कुणाची रे ही चिठ्ठी?" सासूबाईंनी विचारलं.

"ही माझी," ती म्हणाली, आणि या वेळी तसं म्हणायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.